बेथेलच्या वाटेवरची अस्वलं

अलीशा संदेष्टा यरीहोहून बेथेलची चढण चढत होता. गावातली पोरं बाहेर आली आणि त्याच्या टकलावरून त्याला चिडवू लागली. त्याने मागे वळून पाहिलं आणि परमेश्वराच्या नावाने त्यांना शाप दिला. रानातून दोन अस्वली आल्या आणि त्यांनी 42 पोरं फाडली. 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ही गोष्ट एवढीच आहे. पोरांची नावं नाहीत, आईबाप नाहीत, गावाने काय केलं तेही नाही. संदेष्टा तिथून कर्मेल डोंगराकडे निघून जातो.

ही गोष्ट पुण्यात पंख्याखाली वाचली तर एक चमत्कारिक दंतकथा वाटते. बोरी बुद्रुकमध्ये तसं वाटत नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीचं पाणी कालव्यांनी शेतात आलं, पाण्यामागून ऊस आला, आणि उसात बिबटे व्यायला लागले. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र करावं लागलं. दिवस कलला की इथल्या आया पोरांना नावानिशी हाका मारून घरात घेतात. रानातून जनावर येतं आणि पोर नेतं, ही इथे जुन्या पोथीतली गोष्ट नाही.

गुरुजी बोरीचेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, माळकरी, वारी न चुकवणारे. सिस्टर नगरकडच्या ख्रिस्ती. सगळी नोकरी नर्स म्हणून केली आणि आता आळेफाट्याला राहतात. गुरुजींच्या मंडळींचं बीपी बघायला येतात आणि चहाला थांबतात. गुरुजींनी मागितलं म्हणून त्यांनी पवित्र शास्त्र आणून दिलं, आणि गुरुजी ते पहिल्या पानापासून, वह्या तपासायच्या लाल पेन्सिलीने खुणा करत वाचताहेत. ओट्यावर ते दोघं बोलत होते तेव्हा मी तिथे होतो, आणि मला गप्प बसवलं नाही.

गुरुजी: सिस्टर, मी जन्मभर पोरं सांभाळली. पोरं चिडवतातच. मलाही टकल्या म्हणालीत. मी छडी उगारली असेल, अस्वल सोडलं नाही. तुमच्या देवाला मास्तरकी जमत नाही.

सिस्टर: ही गोष्ट तुम्हाला पटवून द्यायला मी आलेच नाही. मलाच ती पटत नाही. पण मला एक सांगा, तुमच्याकडे शनिमाहात्म्य वाचतात की नाही? विक्रम राजा शनीची टवाळी करतो. त्याबद्दल त्याचे हातपाय तोडले जातात. टवाळीला शिक्षा, तीच गोष्ट. आणि परवा तुमच्याकडे सत्यनारायण होता. तुंगध्वज राजाने गुराख्यांच्या हातचा प्रसाद घेतला नाही, तर त्याचे 100 मुलगे गेले. 42 वर तुम्ही लाल खूण केलीत. 100 वर केली का कधी?

गुरुजी: तिथे एक फरक आहे. तुंगध्वज परत जातो, प्रसाद घेतो, आणि सगळं परत मिळतं. विक्रमाला हातपाय परत येतात. आमचे देव मारतात ते दम द्यायला. बेथेलची पोरं परत आली का?

सिस्टर: नाही आली.

गुरुजी: आणि ईयोबाची? देवाने सैतानाशी पैज लावल्यासारखं त्याला हवाली केलं. सात मुलगे, तीन मुली घर कोसळून मेली. शेवटी मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट, आणि पुन्हा सात मुलगे, तीन मुली. लिहिणाऱ्याला वाटलं, हिशेब मिटला. आधीच्या दहांचं काय?

सिस्टर: ते मात्र खरं. मॅटर्निटी वॉर्डात इतकी वर्षं काढली. दुसरं झालं म्हणून पहिलं विसरलेली बाई मी पाहिली नाही. ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट लिहिणारा कधी बाळंतिणीच्या खाटेजवळ बसला नसावा.

(सिस्टरांचं हे वाक्य मी तिथेच लिहून घेतलं. ईयोबावर पुष्कळ वाचलं आहे, पण इतकं नेमकं क्वचित.)

गुरुजी: मग एवढं मान्य करून तुम्ही हे पुस्तक छातीशी धरता कसं?

सिस्टर: कारण त्यातले लोक गप्प बसत नाहीत. सदोमावर अग्नी आणि गंधक पडायच्या आधी अब्राहाम देवाच्या वाटेत उभा राहतो आणि घासाघीस करतो. 50 नीतिमान असले तर? 45? 40? आळेफाट्याच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटचा भाव करतात तसा 10 पर्यंत येतो. वर देवाला सुनावतो, की सगळ्या जगाचा न्यायाधीश तू, तूच न्याय करणार नाहीस का? सोन्याच्या वासराच्या वेळी देव सगळ्या लोकांना संपवायला निघतो, तेव्हा मोशे त्याला अडवतो, आणि शास्त्र म्हणतं की देवाने मन बदललं. ईयोब तर पानंच्या पानं भांडतो. शेवटी देव रागावतो कोणावर? ईयोबावर नाही. जे तीन मित्र शहाणपणाने सांगत होते की तू काहीतरी केलं असशील म्हणून हे भोगतोयस, त्यांच्यावर. तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, असं त्यांना सांगतो.

गुरुजी: हे भांडण आम्हाला नवं नाही. नामदेव भांडले, जनाबाईंनी तर विठोबाला शिव्या घातल्या, तुकोबांनी काय कमी ऐकवलं? तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य, त्यांची समाधी इथे ओतूरला आहे. पण आमचा विठोबा शिव्या खातो आणि विटेवर उभा राहतो. कोणाचं पोर मारत नाही. संतांनी देवाच्या हातातली शस्त्रं काढून हात कमरेवर ठेवायला लावले. तुमच्याकडे हे काम कोणी केलं?

सिस्टर: प्रभूने.

गुरुजी: तसं म्हणाल तर तुमच्याकडे दोन देव होतात. जुना रागीट, नवा मायाळू.

हे म्हणणारे गुरुजी पहिले नाहीत. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने रोमच्या मंडळीपुढे नेमकं हेच मांडलं, की जुन्या कराराचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, जुनं पुस्तक टाकून द्या. 144 साली त्याला मंडळीबाहेर काढलं. सोपी वाट होती, आणि चर्चने ती घेतली नाही. मला तो निर्णय बरोबर वाटतो, पण त्याची किंमत अजून चुकती होते आहे. ही फाळणी नव्या करारातही टिकत नाही. प्रेषितांची कृत्ये उघडा. हनन्या आणि सप्पीरा हे नवरा-बायको जमीन विकून आलेल्या पैशांतले थोडे मागे ठेवतात, खोटं बोलतात, आणि जागच्या जागी मरून पडतात. अनंत नरकाची भाषा तर सगळ्यांत जास्त येशूच्याच तोंडी आहे.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा सिस्टरांनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं.

मी त्यांना एका जुन्या वादाची आठवण दिली. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीचे चित्पावन. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती मताचं श्रेष्ठत्व मांडलं, तेव्हा विशीही न ओलांडलेल्या नीलकंठशास्त्र्यांनी 1844-45 मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिलं. त्यातला रोख गुरुजींचाच होता. एका आयुष्यातलं मोजकं पाप, त्याला न संपणारी शिक्षा, हा कुठला न्याय? तान्हं मूल दुखण्याने तळमळतं, त्याने अजून काहीच केलेलं नाही, तर तुमचा देव त्याला कशाबद्दल भोगायला लावतो? कर्म आणि पुनर्जन्म मानले तर हिशेब लागतो, तुमच्याकडे लागत नाही. आणि मग 1848 मध्ये जौनपूरला याच माणसाने बाप्तिस्मा घेतला. ते नेहेम्या गोरे झाले. पुढे पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे नेण्यात त्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता.

गुरुजी: पण आधीचं लिहिलेलं खोटं होतं का? कर्मात हिशेब लागतो हे खरंच आहे. रागीट देवाची गरज पडत नाही. पेरलं ते उगवतं.

यावर सिस्टर लगेच बोलल्या नाहीत. कप बाजूला ठेवला.

सिस्टर: गुरुजी, आमचे आजे ख्रिस्ती झाले ते मिशनचं पीठ खाऊन, असं लोक म्हणायचे. झाले असतीलही, दुष्काळ होता. पण त्याआधी ते वेशीबाहेर राहत होते. विहिरीला हात लावायचा नाही. का, तर मागच्या जन्मीचं पाप. तो हिशेब अगदी चोख लागला होता, एक पैशाची चूक नाही. कोणावर राग धरायलाच जागा नव्हती. वेशीबाहेरच्या माणसाला हिशेब लावून देणारं शास्त्र नको असतं. मिसरच्या फारोवर कोणीतरी चिडलेला हवा असतो. विटा पाडणाऱ्या वेठबिगारांचं रडणं ऐकून देव खाली उतरतो आणि राजाला बुडवतो, हे माझ्या आज्यांनी पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा त्यांना तो देव क्रूर वाटला नसणार.

गुरुजी: तुमचं म्हणणं मला लागलं. खोटं नाही ते. कर्माचा तसा वापर झाला, आमच्याच लोकांनी केला. पण फारोचा मुलगा मेला ते मी समजू शकतो. निर्गमच्या अकराव्या अध्यायात बघा, मी खूण केली आहे. सिंहासनावर बसणाऱ्या फारोच्या थोरल्यापासून जात्यावर बसणाऱ्या दासीच्या थोरल्यापर्यंत सगळे मरतील, असं लिहिलं आहे. ती दासी तरी कोणाला वेठीला धरत होती? ती तुमच्या आजीसारखीच जातं ओढत होती.

मला वाटतं या सगळ्या बोलण्यात याहून अवघड प्रश्न आला नाही. जातं ओढणारी बाई शास्त्रात आहे, लिहिणाऱ्याने तिला मुद्दाम तिथे बसवलं आहे, आणि तिचं पोर वाचवलेलं नाही. या जागी जुन्या यहुदी पंडितांनाही अस्वस्थ वाटलं. तालमूद या त्यांच्या ग्रंथात एक कथा आहे. मिसरी सैन्य समुद्रात बुडत होतं तेव्हा देवदूतांना गाणं म्हणायचं होतं. देवाने त्यांना गप्प केलं, की माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाता? वल्हांडण सणाच्या रात्री पुष्कळ यहुदी घरांत मिसरवर आलेल्या एकेका पीडेचं नाव घेताना प्याल्यातून द्राक्षारसाचा एक थेंब बाहेर टाकतात. दुसऱ्याच्या मरणाने सुटका झाली, तर आनंदाचा प्याला काठोकाठ भरायचा नाही, असा त्याचा अर्थ लावतात.

आणि अस्वलांबद्दल त्याच तालमूदमध्ये आणखी मजेची गोष्ट आहे, ती मी त्यांना सांगितली. अलीशा तीनदा आजारी पडला, असं तिथे म्हटलं आहे. तिसऱ्या दुखण्यात तो गेला, पण पहिलं दुखणं कशाबद्दल? पोरांवर अस्वलं सोडल्याबद्दल. शास्त्रातली ओळ बदलायची नाही, पण संदेष्ट्याला अंथरुणावर पाडायचं, हा मार्ग पंडितांनी काढला.

सिस्टर: हे मला ठाऊक नव्हतं. नर्सिंगला माझ्याबरोबर एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली, मुलगी होती, पेणकडची. तिच्या घरी नवस फेडायला मलिदा करायचे, एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या नावाने. अलिबागजवळ खंडाळा म्हणून गाव आहे, तिथे खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. एलीया अग्निरथातून स्वर्गात गेला तो जाताना कोकणात टेकला, अशी त्यांची श्रद्धा. आणि गंमत बघा, तो अग्निरथ आणि ही अस्वलं एकाच अध्यायात आहेत. कोकणातल्या लोकांनी रथ ठेवून घेतला. अस्वलं कोणी घरी आणली नाहीत.

गुरुजी: शहाणे लोक.

सिस्टर: शहाणे की भित्रे, ठाऊक नाही.

मग गुरुजींनी माळीण काढलं. 30 जुलै 2014 ला सकाळी डोंगर खाली आला आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं ते गाव गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. अशा वेळी पाराच्या गप्पांत कोणीतरी 'कोप' हा शब्द काढतोच, आणि मग गावाने काय केलं असेल याचा शोध लोक हौसेने घेतात. हे ख्रिस्ती किंवा यहुदी दुखणं नव्हे. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा खुद्द गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला, की निसर्गाच्या घडामोडीला असा नैतिक अर्थ चिकटवणं लोकांना अडाणीपणात ढकलणारं आहे. गांधीजी मागे हटले नाहीत. पाप मोठं होतं यात वाद नाही. पण ढिगाऱ्याखाली मेलेल्यांत अस्पृश्यही होतेच.

सिस्टर: लूकच्या तेराव्या अध्यायात बघा. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली. प्रभू विचारतो, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? आणि स्वतःच सांगतो, नाही. माळीणबद्दल कोणी कोप म्हणालं की मी हेच सांगते.

गुरुजी: पुढची ओळ तुम्ही गाळली. पुढे तो म्हणतो, पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही असाच नाश होईल.

सिस्टर: गाळली. (हसल्या.) पण बघा, तो धाक ऐकणाऱ्याला आहे, मेलेल्यांना नाही. माझ्यासाठी सगळी मेख इथे आहे. शिक्षेची गोष्ट मी माझ्याबद्दल वाचली तर ती मला जाग आणते. मी ती दुसऱ्याच्या मढ्यावर उभी राहून वाचली, तर ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसले. पंडिता रमाबाईंचे वडील, आई, बहीण दुष्काळात गेली. पुढे केडगावला बसून त्यांनी सगळं शास्त्र हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं. त्या गेल्यावर, 1924 साली पूर्ण छापून निघालं. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात भुकेचे शाप आहेत, आईबाप पोटची पोरं खातील असे. जिने घरची माणसं भुकेने जाताना पाहिली, तिने ते शब्द एकेक करून मराठीत लिहिले. तिला कोणी सांगायला जाणार होतं का, की तुझ्या बापाने पाप केलं होतं?

गुरुजी: शिक्षेचंच म्हणाल तर इथे खाली कुकडी नदीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, तो यांना (म्हणजे मला) दाखवला मी. पांढुरकी, बोटांत चोळली की पिठासारखी. डेक्कन कॉलेजचे लोक वर्षानुवर्षं येताहेत. कोणी म्हणतं 14 लाख वर्षांपूर्वीची, कोणी म्हणतं सुमात्रातला तोबा ज्वालामुखी साधारण 74,000 वर्षांपूर्वी फुटला त्याची. वाद चालू आहे. त्याच गाळात आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडी मिळाल्या. सदोमाचा धूर अब्राहामाने लांबून पाहिला. इथे इतक्या लांबून येऊन राख पडली, आणि मोशे नव्हता, शास्त्र नव्हतं, पापाची यादीसुद्धा नव्हती. मग शिक्षा कोणाला? मला वाटतं कोणालाच नाही. डोंगर फुटतो. बिबट्याला भूक लागते. देवाला यातून वगळा, म्हणजे त्याला नमस्कार तरी करता येतो.

सिस्टर: राखेचं मला अवघड नाही, गुरुजी. डोंगर फुटतो हे मीही मानते. माझी अडचण वेगळी. देवाला सगळ्यातून वगळलं तर फारोचं काय? पोरीला जाळणाऱ्या सासरचं काय, जे जामिनावर सुटून येतं? त्या जळक्या पोरींची ड्रेसिंगं केली आहेत मी. तिथे मला रागावणारा देव हवाच असतो.

गुरुजी: राग असू द्या. अमालेकींवर काढलेला राग मात्र चालणार नाही. शमुवेल संदेष्टा शौल राजाला सांगतो, पुरुष, बायका, पोरं, अंगावर पिणारी बाळं, बैल, मेंढरं, सगळं कापा. डोंगर नाही फुटला तिथे. माणसाच्या हातात तलवार दिली आणि नाव देवाचं घातलं.

मी म्हटलं, शास्त्रात यहोशवा यरीहोचा तट पाडून तिथल्या लोकांची कत्तल करतो, पण त्या यरीहोत 1950 च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी उत्खनन केलं, तेव्हा यहोशवाच्या म्हणून मानल्या गेलेल्या काळात तिथे पाडण्याजोगी तटबंदी सापडली नाही. म्हणजे या कत्तलींपैकी काही घडल्याच नसाव्यात. सिस्टरांनी मला जवळजवळ झटकूनच टाकलं.

सिस्टर: घडलं नसेल, बरंच आहे. पण कोणीतरी ते अभिमानाने लिहिलं, आणि नंतर तलवार हातात असलेल्यांनी ते वाचलं. आमच्याकडे उपासनेत हे भाग वाचतच नाहीत. रविवारच्या वाचनातून ते गाळलेले असतात. मला त्याचाच राग येतो. चांगल्या माणसांनी गाळायचं, म्हणजे ज्याला द्वेष करायचा त्याला ते पान एकट्याला मोकळं.

मी म्हटलं, यहुदी ते गाळत नाहीत. पुरीम सणाच्या आधीच्या शब्बाथाला सभास्थानात अमालेकाची आठवण मोठ्याने वाचतात, आणि शौलाचा हा अध्यायही. शिवाय तालमूदमध्ये शौल देवाशी वाद घालतो असं दाखवलं आहे. रानात एका माणसाचं प्रेत सापडलं तरी शास्त्र प्रायश्चित्त सांगतं, मग एवढ्या जणांचं काय? मोठ्यांनी पाप केलं असेल, लेकरांनी काय केलं?

गुरुजी: म्हणजे शौलाने माझाच प्रश्न विचारला. उत्तर काय मिळालं?

मी सांगितलं. आकाशातून वाणी झाली, फाजील नीतिमान होऊ नकोस.

गुरुजी: हे उत्तर नाही, सिस्टर.

सिस्टर: नाहीच. मीही ते उत्तर म्हणून घेत नाही.

गुरुजी: मग तुमच्या पाळकांना विचारा.

सिस्टर: विचारलं होतं. म्हणाले, पुढच्या रविवारी बोलू.

गुरुजी: कधीची गोष्ट?

सिस्टर: माझी नोकरी चालू होती तेव्हाची.